मार्चेलो माल्पिगी

इ.स. १६२८ हे वर्ष शरीरशास्त्राच्या इतिहासात संस्मरणीय ठरले. त्या वर्षी विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रुधिराभिसरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षी, १० मार्च रोजी, इटलीतील बोलोन्या नगराजवळ क्रेव्हालकोरे या गावी मार्चेलो माल्पिगीचा जन्म झाला. हार्वेच्या ग्रंथातील एक उणीव पुढे याच बालकाच्या हातून भरून निघावयाची होती. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तो यानंतर दोनच वर्षांनी.

ती उणीव कोणती? हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून शरीरभर जाते व नीलांतून हृदयाकडे परत येते, हे हार्वेने दाखवून दिले होते. परंतु रोहिणीतून ते नीलेत कसे जाते, हे त्याला पाहता आले नाही. शिरूर तालुक्यातील न्हावऱ्यासारख्या ऊस पिकविणाऱ्या गावात पाटाचे पाणी चारीत येते, चारीतून सरीत शिरते आणि शेवटी मातीत जिरते. रक्तही असेच मांसात जिरत असावे व तेथून नीलांत ओढले जात असावे, असे त्या काळी पुष्कळांस वाटे.

माल्पिगी एकवीस वर्षांचा असताना त्याचे मातृपितृछत्र हरपले. तथापि त्याने विद्याभ्यास सोडला नाही. १६५३ मध्ये बोलोन्या विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्याने मिळविली. पुढे पिसा येथे अध्यापक असताना बोरेली या गणितज्ञाशी त्याचा स्नेह जडला. १६५९ मध्ये तो बोलोन्यास परतला आणि सूक्ष्मदर्शक यंत्राने फुप्फुसांचे निरीक्षण करू लागला.

मोठ्या प्राण्यांच्या फुप्फुसांतील बारीक वाहिन्या काही केल्या स्पष्ट दिसेनात. तेव्हा त्याने बेडूक निवडला; कारण बेडकाचे फुप्फुस पातळ व पारदर्शक असते. जिवंत बेडकाच्या फुप्फुसात रक्ताचे बारीक बारीक प्रवाह धावताना त्याला दिसले. पण ते प्रवाह शेवटी जातात कोठे? रक्त मोकळ्या जागेत सांडत असावे, असा त्याचाही समज होता. खात्री करून घेण्यासाठी त्याने फुप्फुस फुगवून वाळविले आणि प्रकाशात धरून पुन्हा पुन्हा न्याहाळले. तेव्हा रोहिणी व नीला यांना जोडणारे अतिसूक्ष्म वाहिन्यांचे जाळे त्याच्या दृष्टीस पडले. रक्त कोठेही सांडत नव्हते; ते अखेरपर्यंत वाहिन्यांतूनच वाहत होते! आपला पूर्वीचा समज त्याने तत्काळ सोडून दिला आणि १६६१ मध्ये बोरेलीस लिहिलेल्या पत्रांतून हा शोध जगापुढे मांडला. याच त्या केशवाहिन्या होत. हार्वे मात्र हे पाहावयास हयात नव्हता. चार वर्षांपूर्वीच त्याचा मृत्यू झाला होता.

पुढे माल्पिगीने त्वचा, मूत्रपिंड, रेशमाचा किडा व वनस्पती यांचेही सूक्ष्म निरीक्षण केले. १६६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. स्वदेशात मात्र जुन्या मताच्या वैद्यांचा कडवा विरोध त्याला सोसावा लागला. १६८४ मध्ये तर त्याचे घर जळाले; यंत्रे, ग्रंथ व हस्तलिखिते नष्ट झाली. तरीही त्याचे कार्य थांबले नाही. १६९१ मध्ये पोपचा वैद्य म्हणून त्याला रोमला बोलावण्यात आले आणि तेथेच १६९४ मध्ये त्याचे देहावसान झाले.

केशवाहिनीची रुंदी साधारणतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. तीतून तांबड्या रक्तपेशी जणू एकामागे एक रांगेने जातात. आज नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेतील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाने पाहता येतात, तर प्रकाशकिरणांच्या साहाय्याने डोळ्याच्या आतील बारीक रक्तवाहिन्यांची चित्रे घेता येतात. त्यासाठी शरीराला कोठेही छेद द्यावा लागत नाही. या सर्व साधनांची वाट माल्पिगीने दाखविली. डोळ्यांनी पाहिलेले सत्य मनातील समजुतीच्या विरुद्ध जाताच त्याने समजूत टाकली व सत्य स्वीकारले, यातच त्याचे थोरपण आहे.