फर्डिनांड ब्राउन : विजेला दृश्यरूप देणारे शास्त्रज्ञ

आपल्या उधन्यात यंत्रमागांचा खडखडाट ज्याच्या कानी पडत नाही असा विद्यार्थी विरळा. खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने येथे येऊन स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ या यंत्रांवर चालतो. अलीकडे भरतकामाच्या व विणकामाच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक कार्डे आली आणि ती दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या हाती एक चिमुकले उपकरण आले. ते म्हणजे हातात मावणारा, अल्प किमतीचा ऑसिलोस्कोप. विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा चढतो व उतरतो, हे तो पडद्यावर रेषा काढून दाखवितो. परंतु कधी कधी त्याचा आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावर विसंबल्यास चांगले कार्ड भंगारात जाते किंवा बिघडलेले कार्ड पुन्हा यंत्रात बसते. अशा वेळी काय करावे, याचे उत्तर शोधताना ज्यांनी विजेची ही रेषा जगाला प्रथम दाखविली, त्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांचे चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटते.

ब्राउन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतील फुल्डा या गावी झाला. वडील न्यायकचेरीत नोकरीस होते आणि घरची स्थिती बेताचीच होती. मार्बुर्ग व बर्लिन येथे शिक्षण घेऊन १८७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. ताणलेल्या तारांची कंपने हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. विद्यापीठात संशोधक म्हणून स्थिर होण्यास लागणारे आर्थिक बळ त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून त्यांनी शिक्षकाची परीक्षा दिली आणि १८७४ मध्ये लाइप्झिग येथील सेंट थॉमस विद्यालयात ते अध्यापक झाले. थोर संगीतकार बाख यांनी ज्या शाळेत सेवा केली, तीच ही शाळा. मुलांसाठी गणित व निसर्गविज्ञान यांवर ब्राउन यांनी एक पुस्तकही लिहिले.

त्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांच्या हातून एक मोठा शोध लागला. गॅलेना म्हणजे शिसे व गंधक यांचे चकचकीत खनिज. अशा खनिजांच्या स्फटिकांवर तारेचे टोक टेकवून ते त्यांतून जाणारा विद्युत्प्रवाह मोजीत होते. ओहमच्या नियमानुसार प्रवाहाची दिशा उलटली तरी त्याचे मान तेवढेच राहावयास हवे. प्रत्यक्षात आकडे जुळेनात. एका दिशेने प्रवाह अधिक जाई, उलट दिशेने कमी.

विद्यार्थी मित्रहो, या क्षणी दोन मोह होतात. एक म्हणजे उपकरणच बिघडले असे म्हणून आकडा पुसून टाकण्याचा. दुसरा म्हणजे कसलीही शहानिशा न करता नवा शोध लागला म्हणून डांगोरा पिटण्याचा. ब्राउन यांनी दोन्ही टाळले. त्यांनी निरनिराळी खनिजे घेऊन तोच प्रयोग केला आणि विसंगती टिकून राहते हे पाहिल्यावरच निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळण्यास पुढे कित्येक दशके लागली. परंतु प्रवाहाला एकाच दिशेने वाट देणाऱ्या आजच्या डायोडचे मूळ त्या आकड्यात होते. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी १९०१ मध्ये बिनतारी लहरी ओळखण्याच्या ज्या साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातही गॅलेनाच वापरलेले होते.

पुढे मार्बुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्लस्रुहे व ट्युबिंगेन येथे अध्यापन करून १८९५ मध्ये ते स्ट्रासबुर्गच्या भौतिकी संस्थेचे संचालक झाले. मधल्या काळात त्यांनी विजेचा दाब मोजणारे एक साधे उपकरण बनविले. धातूच्या डब्यात हलका काटा टांगलेला असे. विद्युत्भार मिळताच तो दूर ढकलला जाई आणि व्होल्टच्या मोजपट्टीवर आकडा दाखवी. त्यास सतत प्रवाह लागत नसे. जे मोजावयाचे त्यालाच मोजणाऱ्याने धक्का लावू नये, हा मोजमापाचा मोठा गुण त्यात होता.

काटा मात्र जड असतो. घरातील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. इतक्या वेगाने काटा कसा धावणार? ब्राउन यांनी काट्याऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत घेतला. निर्वात काचनलिकेतून तो झोत सोडावा, शेजारी वेटोळे ठेवून प्रवाहाच्या चुंबकत्वाने त्यास वाकवावे, आणि चकाकणाऱ्या पडद्यावर त्याचा ठिपका नाचताना पाहावा, अशी ती युक्ती होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. प्रथम ठिपक्याची उभी हालचाल पसरून दाखविण्यासाठी ते फिरता आरसा वापरीत. त्यांचे साहाय्यक झेनेक यांनी पुढे आडवी चालही झोतालाच दिली. या नलिकेचे पेटंट ब्राउन यांनी घेतले नाही. ऑसिलोस्कोप आणि आपल्या घरांतील जुने फुगीर दूरदर्शन संच तिच्यातूनच निपजले.

यानंतर त्यांनी बिनतारी संदेशवहनाकडे लक्ष वळविले. ठिणगीचे मंडल आकाशतारेपासून वेगळे ठेवून त्यांनी प्रेषकाची शक्ती वाढविली. या कार्याबद्दल १९०९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मार्कोनी व ब्राउन यांना मिळून देण्यात आले. पुढे पेटंटच्या एका खटल्यात साक्ष देण्यासाठी १९१४ च्या अखेरीस ते अमेरिकेस गेले. महायुद्धामुळे परतीची वाट बंद झाली. मायदेशाचे दर्शन पुन्हा न होता २० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिन येथे त्यांचे देहावसान झाले.

आजच्या हातातील ऑसिलोस्कोपमध्ये ब्राउन यांची काचनलिका नाही. तो दाबाचे क्षणोक्षणी नमुने घेऊन त्यांचे आकडे करतो. तरी आकडा संशयास्पद वाटल्यास ब्राउन यांच्याच पायरीने जावे. प्रथम प्रोबचे टोक त्याच्याच जमिनीच्या चिमट्यास जोडावे. रेषा शून्यावर नसेल तर शून्य जुळवून घ्यावे. नंतर नवा १.५ व्होल्टचा सेल मोजावा आणि तोच आकडा चांगल्या मल्टिमीटरशी ताडून पाहावा. ऑसिलोस्कोपने ०.१५ किंवा १५ दाखविल्यास उपकरण निर्दोष असण्याचाच संभव अधिक. प्रोबवरील एकपट-दहापटीची कळ आणि उपकरणातील नोंद यांचा मेळ बसलेला नसतो. सेल जोडूनही शून्यच दिसत असेल, तर स्थिर दाब गाळून टाकणारी ‘एसी’ जोडणी चालू आहे काय ते पाहावे.

मोजपट्टीही योग्य हवी. पुष्कळ स्वस्त उपकरणे पडद्याच्या उंचीचे २५६ भाग करतात. पडदा ४० व्होल्टांचा ठेवला तर एक भाग सुमारे ०.१६ व्होल्टचा होतो. तेथे सेलचा सूक्ष्म फरक कसा कळणार? चौकोनी लहरीचे कोपरे गोलावलेले किंवा टोकदार दिसल्यास दहापटीच्या प्रोबवरील लहान स्क्रू हळूच फिरवून ते सरळ करावेत. मंडलाचा रोध उपकरणाच्या रोधाइतकाच, म्हणजे दहा लाख ओहम असेल, तर आकडा निम्मा दिसतो. तेथे दहापटीची कळ वापरावी. आणि २३० व्होल्टच्या घरगुती विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते, म्हणून दोन आकडे भिन्न दिसले की एक खोटाच, असे समजू नये. मात्र घरगुती विजेला मुलांनी प्रोब कदापि लावू नये. ते काम जाणत्यांचे व योग्य साधनांचे आहे.

एवढे सगळे तपासूनही आकडा विचित्रच राहिला, तर त्याला खोटे ठरविण्याची घाई करू नये. कार्डातच दोष असेल आणि उपकरण आपणांस तोच सांगत असेल. लाइप्झिगच्या एका तरुण शाळामास्तरांनी न जुळणारा आकडा पुसला नाही, तो पुनःपुन्हा पडताळला. त्यांच्या पुढील कीर्तीचा पाया तेथे घातला गेला. कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा परीक्षेच्या वहीत, उत्तर हवे तसे यावे म्हणून आकडा बदलण्याचा मोह जेव्हा होईल, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी ब्राउन यांचे स्मरण करावे, एवढीच आमची इच्छा आहे.