विश्लेषण : नसरीन मोहमदी यांच्या रेषांत दुःख दिसते कुठे?

ना चेहरा, ना अश्रू, ना रंग. कागदावर फक्त पेन्सिल आणि शाईच्या बारीक रेषा. तरीही नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) यांची अमूर्त चित्रे पाहणाऱ्याला अस्वस्थ का करतात?

कोण होत्या नसरीन?
जन्म कराचीचा. आई लहानपणीच गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईत आले. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम केले. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याशी स्नेह जुळला. पुढे पॅरिस, आणि १९७२ पासून बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात अध्यापन.

चित्रांत काय बदलले?
सुरुवातीच्या चित्रांत झाडा-पाण्याच्या खुणा होत्या. सत्तरच्या दशकात त्याही गेल्या. हाती आली ती ड्राफ्टिंगची उपकरणे. इंजिनीअरिंग ड्रॉइंगमधली रेषा पुलाची किंवा यंत्राची माहिती देते. नसरीन यांची रेषा कसलीच माहिती देत नाही. ती कुठे दाटते, कुठे विरळ होते आणि कुठे थांबते, एवढेच पाहायचे.

दुःखाचे काय झाले?
एकटेपणा आणि भीती त्या डायरीत लिहीत. काही पानांवर शाईचे पट्टे ओढून मजकूर झाकत. मग ते पानच चित्र होई. चेतासंस्थेच्या असाध्य आजाराने शरीरावरचा ताबा सुटू लागला, तरी कागदावरची रेषा डळमळली नाही. उलट ऐंशीच्या दशकातल्या चित्रांत पांढरी जागा वाढली, तिरक्या रेषा तरंगू लागल्या. दुःख सांगण्याऐवजी त्यांनी ते शिस्तीत धरून ठेवले, असे म्हणता येते.

मग प्रत्येक रेषा म्हणजे दुःखच का?
नाही. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षक दिले नाही, तारीखही घातली नाही. त्यामुळे अमुक चित्र अमुक दुःखाचे, असा हिशेब मांडता येत नाही.

त्यांच्या नजरेने काय पाहाल?
अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचे घर होते. समुद्रकिनारा, रस्ते, इमारती यांचे फोटो त्या काढत; हयातीत ते प्रदर्शित झाले नाहीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कचे मेट ब्रॉयर संग्रहालय सुरू झाले, ते ज्या प्रदर्शनांनी, त्यांत नसरीन यांचेही होते. ते संग्रहालय २०२० मध्ये बंद झाले; आता उर्से टोलनाक्यावर गाडी रांगेत थांबेल तेव्हा रस्त्यावरचे पांढरे पट्टे दूरवर कसे निमुळते होत जातात, ते बघा.