विश्लेषण : ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी र. धों. कर्वे यांना न्यायालयाने दंड का ठोठावला? डॉ. आंबेडकरांनी त्यांचा खटला का लढवला?

आरोग्य, शरीर, लैंगिक समस्या आणि त्यावर तज्ज्ञांचा सल्ला. पुरुषांसाठीच्या लाइफस्टाईल मासिकांत आज हे सगळे हमखास असते. मात्र मराठीत हेच विषय घेऊन एक मासिक १९२७ मध्ये सुरू झाले आणि तब्बल २६ वर्षे चालले. ते होते ‘समाजस्वास्थ्य’ आणि त्याचे संपादक होते गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे. फरक इतकाच, की लैंगिक शिक्षणाचे हे मासिक पुरुषांइतकेच स्त्रियांसाठीही होते आणि त्यापायी संपादकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

र. धों. कर्वे कोण होते?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. १८९१ मध्ये आई राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. समाजाच्या विरोधात गेल्यावर काय सोसावे लागते, हे रघुनाथाने घरातच पाहिले होते.

अभ्यासात ते अत्यंत हुशार होते. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. पुण्यातील फर्ग्युसन कॉलेजमध्ये शिकून पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये गणिताच्याच पुढील शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन या विषयांवर तिकडे बरेच लेखन उपलब्ध होते. मराठीत मात्र या विषयांवर शास्त्रीय माहिती देणारे फारसे कुणी नव्हते.

प्राध्यापकाची नोकरी का सुटली?

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असेच केंद्र उघडले, तेही याच वर्षी. १९२३ मध्ये कर्वे यांचे संततिनियमनावरील पुस्तक आले.

तेव्हा ते मुंबईच्या विल्सन कॉलेजमध्ये शिकवत होते. मिशनऱ्यांच्या या संस्थेला प्राध्यापकाचे हे सार्वजनिक काम रुचले नाही. काम की नोकरी, असा प्रश्न उभा राहिला. कर्वे यांनी काम निवडले आणि १९२५ मध्ये राजीनामा दिला.

पत्नी मालतीबाई या निर्णयात त्यांच्यासोबत होत्या. मूल होऊ द्यायचे नाही, असे या दांपत्याने ठरवले होते आणि ते पाळलेही. त्या काळात मूल नसलेल्या बाईला समाज कसा वागवत असे, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचा मोठा भार मालतीबाईंनी उचलला, असेच म्हणावे लागेल.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये काय असायचे?

जुलै १९२७ मध्ये पहिला अंक निघाला. संततिनियमनाची साधने, गुप्तरोग, शरीररचना, स्त्रीचा लैंगिक सुखाचा हक्क, विवाहसंस्था, बुद्धिवाद असे विषय त्यात असत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापले जाई. नग्नतेत लाज वाटण्यासारखे काही नाही, हे कर्वे यांचे मत होते आणि ते त्यांनी झाकून ठेवले नाही. त्यामुळे अंक घरात उघडपणे ठेवणे अनेकांना अवघड होते.

मासिकाचे वेगळेपण होते वाचकांच्या प्रश्नांत. डॉक्टरला किंवा घरातल्या मोठ्यांना जे विचारता येत नाही, ते लोक पत्राने विचारत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, असे प्रश्न येत. कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. पाप-पुण्याची भाषा न वापरता शास्त्र काय सांगते, एवढेच ते पाहत.

मासिक किफायतशीर कधीच नव्हते. लेखनापासून व्यवस्थापनापर्यंतचा बहुतेक भार स्वतः उचलत कर्वे यांनी ते पदरमोड करून चालवले.

पहिला खटला कशावरून झाला?

व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखावरून १९३१ मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. न्यायालयाने त्यांना १०० रुपये दंड ठोठावला. उच्च न्यायालयातील अपिलातही त्यांना दिलासा मिळाला नाही.

तेव्हा अश्लीलता ठरवण्यासाठी इंग्लंडमधील १८६८ च्या एका निकालातून आलेली कसोटी वापरली जाई. ज्याचे मन बिघडू शकते अशा माणसाच्या हाती हे लेखन पडले तर काय होईल, असा तिचा आशय होता. लेखकाचा हेतू काय आणि माहिती खरी की खोटी, हे त्यात गौण ठरे. शास्त्रीय माहिती देणाऱ्या संपादकाला अशा कसोटीतून सुटणे जवळपास अशक्य होते.

दुसऱ्या खटल्यात डॉ. आंबेडकर कसे आले?

१९३४ मध्ये कर्वे यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे त्यातील विषय होते. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे आंबेडकर तोवर देशभर परिचित झाले होते. बदनाम ठरलेल्या मासिकाची बाजू घेणे त्यांच्यासाठीही सोपे नव्हते. मात्र त्यांचा युक्तिवाद सरळ होता. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे, तर वाचक त्याच विषयावर प्रश्न विचारणार. त्यांना उत्तर देऊ नये म्हणणे म्हणजे मासिक बंद करा म्हणण्यासारखे आहे. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, असे त्यांनी मांडले. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला.

न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य केला नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. आंबेडकरांनी मात्र विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. त्यामागे आंबेडकरच होते. प्रस्ताव फेटाळला गेला.

विरोध फक्त सनातनी मंडळींचा होता का?

नाही. राष्ट्रीय चळवळीतही या विषयाला फारसा पाठिंबा नव्हता. महात्मा गांधी कृत्रिम साधनांच्या विरोधात होते आणि ब्रह्मचर्य व संयम हाच मार्ग मानत. १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी त्यांचे मत बदलले नाही. सततच्या बाळंतपणांत स्त्रीचा जीव जातो आणि संयमाचा उपदेश तो वाचवू शकत नाही, ही कर्वे यांची भूमिका होती. त्यामुळे सरकार, धर्म आणि चळवळ यांपैकी कुणाचाच भक्कम आधार त्यांना मिळाला नाही.

पुढे काय झाले?

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असे करणारा तो जगातील पहिला देश मानला जातो. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ च्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडले. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. मुलाचे नाव मात्र दीर्घकाळ मागे राहिले. २००१ मध्ये अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ चित्रपटाने त्यांचे आयुष्य नव्या पिढीसमोर आणले.

या खटल्यांचे आज महत्त्व काय?

१८६८ ची ती कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बाजूला ठेवली. आता लेखनाचा पूर्ण संदर्भ आणि समकालीन समाजाचे मापदंड पाहिले जातात. सप्टेंबर २०१८ मध्ये याच न्यायालयाने दोन निकाल दिले. ६ तारखेला प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत आणि २७ तारखेला व्यभिचाराचे फौजदारी कलम रद्द झाले. कर्वे यांना ज्या दोन विषयांवरील लेखनासाठी ३०० रुपये दंड झाला होता, तेच हे विषय.

कर्वे यांना येणारे प्रश्न मात्र संपलेले नाहीत. आज ते रात्री मोबाइलवर टाइप केले जातात आणि उत्तरादाखल अनेकदा शक्तिवर्धक गोळ्यांची जाहिरात समोर येते. खरी माहिती कोण देणार, हा ‘समाजस्वास्थ्य’ने १९२७ मध्ये हाती घेतलेला प्रश्न शाळा, पालक आणि माध्यमे यांच्यापुढे अजून तसाच आहे.