लक्ष्मीबाई टिळक : दुःखातली सोबत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही लेखिका नव्हे. पण आपल्या नाशिकच्याच एका बाईचे माझ्यावर ऋण आहे. ते या निमित्ताने सांगावेसे वाटते.

तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. पहिले काही महिने येण्याजाण्यात निघून गेले आणि मग मन अगदी खचले. शेगडीवर दूध उतू जाई आणि मी समोर उभी राहून नुसती पाहत असे. रविवारच्या उपासनेला जाणे सुटले, पवित्र शास्त्रावर धूळ साचली. तुमचा विश्वासच कमी पडतो, असे एका बाईंनी तोंडावर सांगितले. ते फार लागले. शेवटी मुलाने डॉक्टरांकडे नेले. हा नैराश्याचा आजार आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असे त्यांनी समजावले. औषधाने झोप येऊ लागली. पण रिकामे दिवस भरायचे कशाने? तेव्हा आपल्या मंडळाच्या कपाटातले ‘स्मृतिचित्रे’ हाती आले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखल्यांची ही मनू. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक मोठे कवी, मनाचे उदार. पण भारी तापट आणि एका ठिकाणी न टिकणारे. संसाराची ओढाताण झाली, काही मुले हातची गेली. अक्षरओळख झाली ती टिळकांमुळेच, पण शाळा अशी बाईंनी कधी पाहिली नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ती बातमी ऐकून लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. नवरा जिवंत असून दुरावलेला, पदरी लहानगा दत्तू, आणि राहायचे नातलगांच्या आधाराने! त्या वेळी त्यांनी अंथरूण धरले, अन्नपाणी गोड लागेना. पंढरपूरलाही त्यांनी दिवस काढले. आणि नवल असे, की याच काळात त्यांच्या दुःखाला कवितेची वाट फुटली.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला परत आल्या, त्याही आपले सोवळेओवळे सांभाळूनच. कोणी जुलूम केला नाही. माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नाही, माणसांनी केला, हे त्यांचे त्यांनाच राहुरीत उमगले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दुष्काळाच्या दिवसांत पोरक्या मुलांना त्यांनी घरात घेतले. ज्या हातांनी सोवळे सांभाळले, तेच हात आता कोणाचीही मुले न्हाऊमाखू घालू लागले.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले. मुलाच्या नोकरीमुळे लक्ष्मीबाईंचे दिवस पुढे कराचीलाही गेले. टिळक ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहीत होते; दहाअकरा अध्यायांवर ते थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ते काम हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचले! १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

भगिनींनो, हे वाचून मी विचार करीत बसले. लक्ष्मीबाई दुःखाला नाकारीत नाहीत. रडल्या तर रडल्या म्हणून सांगतात आणि पुढच्याच पानावर आपलीच फजिती सांगून हसवतात. टिळकांमागे त्यांना शुभवर्तमानाने कसे सावरले असेल, याचाही मला माझ्यापुरता अंदाज आला. प्रसंग ओवीत आणायचा तर तो पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, त्यातल्या माणसांजवळ जाऊन बसावे लागते. जात्यावर बसलेल्या बाईसारखे हे काम. हात चालता राहिला की मनही हळूहळू मोकळे होते.

मला ओव्या येत नाहीत. मी रोज सकाळी स्तोत्रसंहितेतल्या पाच ओळी वहीत उतरवू लागले. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राशी आले आणि थबकले. ते अंधारातच संपते. शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. तरी ते शास्त्रात ठेवले आहे! म्हणजे माझ्यासारखीचे गाऱ्हाणेही देवापुढे चालते. पुढे एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचली. एवढा मोठा भक्त, पण जिवाला कंटाळून रानातल्या झुडपाखाली निजला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. त्या सकाळी, कितीतरी महिन्यांनी, मी स्वतःसाठी भाकरी थापली.

औषध मी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी केले. वाईट दिवस अजूनही येतात. वही मात्र चालू आहे, आता दुसरी लागली.

आपल्या मंडळात गीता वाचणाऱ्या आहेत, ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या आहेत, माझ्यासारख्याही आहेत. ज्याची त्याची पोथी वेगळी. एवढीच विनंती, की एखादी भगिनी चारदोन सभांना दिसली नाही, तर तिच्या घरी जावे. उपदेश नंतर, आधी डबा न्यावा आणि घटकाभर बसावे. गरज दिसली तर डॉक्टरांकडेही सोबत जावे.

मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.