गिरणगावातल्या गरोदर बायकांचं रक्त कमी का होत होतं? उत्तर सापडलं बिअरच्या गाळात!

साल १९२८. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक आजार गाठायचा. चेहरा पांढराफटक पडायचा, चार पावलं चाललं तरी धाप लागायची आणि कित्येक जणी बाळंतपणात दगावायच्या.

हा नेहमीचा ॲनिमिया नव्हता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत होत्या. हे कोडं सोडवायला इंग्लंडहून एक डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. त्यांचं नाव ल्यूसी विल्स.

ल्यूसी यांचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पण तेव्हा केंब्रिज बायकांना पदवीच देत नसे. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत रुग्णसेवा केली आणि मग वैद्यकाकडे वळल्या. डॉक्टर झाल्या तेव्हा वय होतं ३२.

मुंबईत त्यांनी जंतूंच्या जोडीला बायकांच्या ताटाकडेही पाहिलं. ज्यांच्या जेवणात भाज्या, फळं आणि प्रथिनं सगळ्यात कमी, त्यांनाच हा आजार जास्त होत होता. मग कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तसाच आहार देऊन उंदरांवर प्रयोग झाले. उंदरांचं रक्त कमी झालं खरं, पण त्यात उवांमधून पसरलेल्या जंतुसंसर्गाचाही हात निघाला. झालेली मेहनत बाजूला ठेवून ल्यूसी माकडांवरच्या प्रयोगांकडे वळल्या.

इथे त्यांच्या हाती लागलं मार्माइट, म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून बनवलेला स्वस्त, खारट, काळा लगदा. तो खाऊ घातल्यावर आजारी माकड सुधारलं. पुढे हाच उपाय गरोदर बायकांवर केला आणि काही दिवसांतच त्यांचं रक्त वाढू लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध सापडलं होतं, पण त्यातला नेमका कोणता घटक काम करतो हे कळलं नव्हतं. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो घटक वेगळा केला गेला. पानातून मिळाला म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

ल्यूसी १९६४ मध्ये वारल्या. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टळतात, हे १९९१ च्या मोठ्या चाचणीतून पक्कं झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

पण गोष्ट बाळंतपणापाशी संपत नाही. बाळ अंगावर पितं तेव्हा दुधातलं फोलेट सहसा कमी पडत नाही. आईच्या जेवणात ते नसेल, तर शरीर तिच्याच साठ्यातून काढून बाळाला देतं. झीज होते ती आईची. बी-१२ चं मात्र उलट आहे. आईकडे ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला फटका बसू शकतो.

महाराष्ट्राने यात आणखी भर घातली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या माता आणि मुलांचा पाठपुरावा केला. गरोदरपणी ज्यांच्या अंगात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं. ही पुढच्या मधुमेहाची चाहूल असू शकते. म्हणजे एकच जीवनसत्त्व वाढवून भागत नाही, ताट पूर्ण हवं.

आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. बाळ झालं की अनेक घरांत त्या थांबतात. आईच्या शरीराचा खर्च मात्र तेव्हाही चालूच असतो.