अमळनेरची सहा वर्षे

साने गुरुजींचे नाव निघाले की आपल्या घरांत आधी आठवते ती ‘श्यामची आई’. बृहन्महाराष्ट्रात तीन-चार पिढ्या काढलेल्या कुटुंबांच्या कपाटातही ते पुस्तक हमखास सापडते. मात्र ज्यांना आपण सारे गुरुजी म्हणतो, ते हायस्कुलात शिक्षक होते अवघी सहा वर्षे, हे नव्या पिढीला ठाऊक असतेच असे नाही. म्हणून यंदा आम्ही त्या सहा वर्षांचे स्मरण करीत आहोत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगडचा. घराणे खोतांचे, पण वडिलांच्या काळात सारे ओसरले. दापोली, औंध, पुणे असे शिक्षण झाले ते अर्धपोटी राहून. शिकत असतानाच, 1917 मध्ये, आई गेली. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि 1924 मध्ये तेथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांच्यातला शिक्षक खऱ्या अर्थाने फुलला. मुले खेड्यापाड्यांतून आलेली, वयाने अडनिडी. अंथरुणे तशीच पसरलेली, कपडे इतस्ततः. गुरुजी रागावले नाहीत. मुले बाहेर गेली की ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, कपडे धुऊन टाकीत. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटली आणि ती आपापली कामे करू लागली. कोणी आजारी पडला तर उशाशी रात्रभर गुरुजी. कोणाची फी अडली तर पगारातले पैसे तिकडे जात. अर्धपोटी शिकलेल्या माणसाला उपाशी मुलाचा चेहरा ओळखायला वेळ लागत नसे.

मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. त्यात थोरांची चरित्रे, जगातल्या घडामोडी, कविता, छात्रालयातले बारीकसारीक प्रसंग, सारेच असे. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. पुढच्या विपुल लेखनाचा हात बसला तो असा, दहा-वीस मुलांनी सकाळी वाचावे म्हणून.

इतका जीव जडलेली ही नोकरी त्यांनी 1930 मध्ये सोडली. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. मुलांना देशप्रेमाचे धडे द्यायचे आणि आपण मागे राहायचे, हे त्यांना जमणारे नव्हते. शाळेत शिक्षक म्हणून ते पुन्हा परतले नाहीत, पण शिकवणे आणि शिकणे थांबले नाही. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील सोबत्यांकडून ते तमिळ शिकले, पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीत श्याम रोज रात्री मुलांना गोष्ट सांगतो. ती मांडणी पाहिली की छात्रालयाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि ते दार उघडले. 1948 मध्ये ‘साधना’ साप्ताहिक काढले. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे, ही आंतरभारतीची कल्पना त्यांनी अखेरच्या काळात ध्यास घेऊन मांडली. पण भोवतालच्या निराशेने मन खचले होते. 11 जून 1950 रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली.

घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या जगत आलो. आंतरभारती आपल्याला वेगळी शिकवावी लागत नाही. शिकायचे ते छात्रालयापासून. आठवी-नववीतली आपली मुले मराठी वाचायला कंटाळतात, अशी तक्रार सगळीकडेच ऐकू येते. त्यांच्यासाठी रोज चार ओळी स्वतः लिहून ठेवणारे कोणी घरात असेल, तर ती वाचतील, असा आम्हांला विश्वास वाटतो. विद्येच्या दैवतापुढे यंदा एवढा संकल्प पुरे.