नांगराच्या फाळापासून विहिरीच्या यारीपर्यंत

दौंड तालुक्यातील खुटबाव काय किंवा दख्खनच्या पठारावरील दुसरे कोणतेही गाव काय, तेथे विहीर खोदणे म्हणजे काळ्या कातळाशी झुंज होय. सुरुंगाने फुटलेला धोंडा खोलातून वर आणते ती यारी. अशी अवजड यंत्रे गावाच्या आसपासच घडावीत, मोडल्यास तेथेच दुरुस्त व्हावीत, याचे आज कोणास नवल वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ही कल्पनाही हास्यास्पद ठरली असती. ती खरी करून दाखविणाऱ्यांत अग्रमान लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आहे. यारी त्यांनी निर्माण केली असे नव्हे. खेड्यात यंत्र घडू शकते, हा विश्वास मात्र त्यांनी निर्माण केला.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांधत्वामुळे तो मार्ग खुंटला. मग यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली जाताच त्यांनी पगाराची नोकरी सोडली आणि बेळगावास येऊन बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. दुकानाच्या जोडीने छोटा कारखाना उभा राहिला. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर तेथे लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यास अडाणी ठरविले नाही. त्याच्या तक्रारी ऐकून ते नांगर सुधारीत राहिले. अवजाराचा खरा परीक्षक बांधावर उभा असतो, हे त्यांनी ओळखले होते.

इतक्यात शहराच्या विस्तारासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनाजवळ माळरान दिले, कर्जही दिले. 1910 साली निवडुंग तोडून तेथे किर्लोस्करवाडी वसली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांसारखे जिवाभावाचे सहकारी लाभले. शिक्षेचा डाग लागलेल्या माणसांनाही तेथे काम मिळाले आणि वसाहतीत अस्पृश्यतेस थारा दिला गेला नाही. ज्यांच्या हातांवर समाजाचा भरवसा नव्हता, त्याच हातांवर या वाडीने भरवसा टाकला.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक आणि पाणी उपसणारे पंप आले. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स स्थापन झाली आणि मोटेच्या जागी इंजिन धडधडू लागले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तेव्हा माळरानावरील तो प्रयोग उद्योगसमूह झाला होता.

या चरित्राचा बोध केवळ कारखानदारांपुरता नाही. पदवी म्हणजे नोकरीचा परवाना आणि हातास काळे लागणे म्हणजे कमीपणा, ही समजूत सुशिक्षित घरांत अजून टिकून आहे. लक्ष्मणराव स्वतः शिक्षक होते. फळ्यावर काढलेले यंत्र लोखंडात उतरवून पाहण्याचे धाडस त्यांनी केले. खोल विहिरीतून धोंडा वर काढणारी यारी बनविणारा आणि ती चालविणारा, दोघेही त्यांच्याच परंपरेतले आहेत. त्या हातांना शाळेत आणि समाजात मान मिळेल, तेव्हाच लक्ष्मणरावांचे ऋण काही अंशी फिटेल.